फाइट द पॉवर

पब्लिक एनिमी या लाँग आयलंडच्या हिप-हॉप गटाचे १९८९ सालचे गाणे. दिग्दर्शक स्पाइक ली यांनी ते ‘डू द राइट थिंग’ या आपल्या चित्रपटासाठी मागून घेतले. शीर्षक आयस्ली ब्रदर्सच्या १९७५ मधील गाण्यावरून आले. इथे ‘पॉवर’ म्हणजे सत्ता.

ली यांना आधी ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीत मानले जाणारे गीत नव्या रूपात हवे होते. निर्माते हँक शॉकली यांनी त्यांना खिडकीबाहेर डोके काढून रस्ता ऐकायला सांगितले. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांत ते गीत कुठेच वाजत नव्हते. मग रस्त्याच्याच आवाजाचे गाणे करायचे ठरले.

ते घडवले बॉम्ब स्क्वॉड या निर्मात्यांच्या चमूने. जुन्या रेकॉर्डमधले बारीक बारीक तुकडे उचलून त्यांनी थरावर थर चढवले. त्यात जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेकाही आहे. सॅक्सोफोन वाजवला ब्रॅनफर्ड मार्सालिस या कसलेल्या जॅझवादकाने. पण एका कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) वाजवलेला तुकडा निर्मात्यांनी खुशाल दुसऱ्याच कॉर्डवर बसवला. कानाला खटकणारा हा विसंवाद मुद्दाम ठेवलेला आहे. गाण्याची चिथावणी शब्दांइतकीच या कल्लोळात आहे, आणि नुसते शब्द वाचणाऱ्याच्या हाती ती लागत नाही.

शब्दही झोंबणारे होते. गायक एल्विस प्रेस्ली आणि नट जॉन वेन ही गोऱ्या अमेरिकेची दैवते. गटाचा मुख्य रॅपर चक डी याने एल्विसला थेट वर्णद्वेषी म्हटले, आणि त्याचा साथीदार फ्लेव्हर फ्लेव्ह याने त्याच दमात वेन यांनाही शिवी हासडली. आपले बहुतेक नायक टपाल तिकिटांवर दिसत नाहीत, असेही चक डीने सुनावले. वेन यांनी १९७१ च्या एका मुलाखतीत गोऱ्यांच्या वर्चस्वाचे उघड समर्थन केले होते. एल्विसबद्दल मात्र चक डीने पुढे खुलासा केला, की राग त्या माणसापेक्षा त्याला एकट्यालाच दिलेल्या ‘रॉक अँड रोलचा राजा’ या बिरुदावर होता. त्याच उन्हाळ्यात गटातल्या प्रोफेसर ग्रिफची ज्यूद्वेषी विधाने प्रसिद्ध झाली. त्यांचे समर्थन करता येत नाही. त्या वादाने गट जवळजवळ मोडला.

चित्रपटात रेडिओ रहीम हा तरुण सोबतच्या भल्यामोठ्या टेपवर हे एकच गाणे लावून ब्रुकलिनच्या गल्ल्यांतून फिरतो. पिझ्झावाला बॅटने तो टेप फोडतो, त्यानंतरच्या झटापटीत पोलिस रहीमचा गळा आवळतात आणि त्याचा जीव जातो. २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर लोकांना हाच प्रसंग पुन्हा आठवला. त्या वर्षी बीईटी या कृष्णवर्णीयांसाठीच्या अमेरिकी वाहिनीच्या पुरस्कार सोहळ्यात गटाने नास, रॅप्सडी आदी रॅपरांसह गाण्याची नवी आवृत्ती सादर केली.

१९९१ मध्ये दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा विनापरवाना वापरल्याबद्दल अमेरिकी न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक उचललेल्या तुकड्यासाठी परवानगी आणि पैसे मोजणे भाग पडू लागले, आणि इतक्या थरांचे गाणे बांधणे परवडेनासे झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियात, बेलग्रेडमधल्या बी-९२ या रेडिओ केंद्रावर बातम्या देण्याची बंदी आली. बातम्यांच्या जागी त्यांनी हे गाणे लावले.