माणूस गेल्यावर कोर्टात जायचं की तलाठ्याकडे? वारस नोंद, सक्सेशन सर्टिफिकेट आणि प्रोबेट

बाबा गेले तेव्हा तेरावं व्हायच्या आधीच पडवीत बसलेल्या प्रत्येकाने मला वेगळा सल्ला दिला, कोणी म्हणे प्रोबेट कर, कोणी म्हणे वारस दाखला काढ, मुंबईचा चुलतभाऊ म्हणाला सक्सेशन लागणारच, आणि शेजारचे काका एवढंच म्हणाले, "कोर्टात कित्याक जातंस, आधी तलाठ्याकडे जा." काका बरोबर होते. पण ते मला कळायला सहा-सात महिने आणि रत्नागिरीच्या कितीतरी फेऱ्या गेल्या, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी मृत्यू दाखला. माणूस गेल्यावर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नाहीतर नगरपरिषदेत नोंद करायची. शहरात हे आपोआप होतं, वाडीत राहून जातं. वर्ष उलटलं की नुसता अर्ज चालत नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आमच्या पणजोबांची नोंदच नव्हती आणि सातबाऱ्यावर नाव त्यांचंच, त्यामुळे बाबांचं नाव कमी करायच्या आधी दोन पिढ्या मागे जावं लागलं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा, आणि त्यावरचं नाव आधार, पासबुक, सातबारा यांच्याशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथेच उभं राहून बघा.

आता जमीन. गावची जमीन, कलमांची बाग, घराखालची जागा यासाठी वाद नसेल तर कोर्टाची गरजच नसते. वारस तपासाचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (आता पद ग्राम महसूल अधिकारी, तोंडात तलाठीच), ई-हक्क पोर्टलवरून घरबसल्याही भरता येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे ३ महिन्यांच्या आत कळवायचं असतं. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशनकार्ड आणि सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा). मग फेरफार (महसूल दप्तरातल्या नावबदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस आणि कोणी हरकत घेतली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. घराची असेसमेंट (घरपट्टीची आकारणी) मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असते, तिथे वेगळा अर्ज, हे बरेच जण विसरतात.

वंशावळीत बहिणी, आत्या सगळ्या लिहायच्या. "तिचं लग्न झालंय, ती काय मागतेय" म्हणून नाव वगळणं हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते चूक आहे, फक्त नैतिक नाही, कायद्यानेही. हिंदू कुटुंबात मुलगा, मुलगी, बायको आणि आई एकाच पातळीवरचे वारस आहेत, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनच धरतात. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर तिने रजिस्टर हक्कसोडपत्र करून द्यावं, साध्या कागदावरची किंवा स्टॅम्पपेपरवरची सही चालत नाही. आणि मनापासून सांगतो, ते तिला नीट समजावून, वाचून दाखवून करा.

दुसरी गोष्ट, सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं नाही. ती महसुली नोंद आहे, हक्काचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो. तरी नोंद करून ठेवाच. हायवेच्या चौपदरीकरणात आमच्या वाडीतल्या एका घराचे मोबदल्याचे पैसे अडकले ते एवढ्यासाठीच की उताऱ्यावर आणेवारीसकट (कोणाचा किती हिस्सा ते) अकरा नावं, त्यातली आठ माणसं केव्हाच वारलेली, आणि जिवंत वारस पनवेलपासून बडोद्यापर्यंत पसरलेले.

बँकेतले पैसे. इथे नॉमिनी असेल तर मृत्यू दाखला आणि केवायसी देऊन पैसे त्याला मिळतात, पण तो मालक होत नाही, बाकी वारसांच्या वतीने घेतो, सुप्रीम कोर्टाने १९८४ च्या सरबती देवी खटल्यात विम्याच्या बाबतीत हेच सांगितलं. नॉमिनी नसेल तर बँका पटकन "सक्सेशन आणा" म्हणतात. आम्हालाही एका बँकेने अडीच-तीन लाखांच्या एफडीसाठी कोर्टात पाठवलं. पण आता रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या सूचना आहेत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत आणि इतर बँकांत १५ लाखांपर्यंत, नॉमिनी नसला आणि वाद नसला तरी सोप्या पद्धतीने, म्हणजे क्लेम फॉर्म, बाकी वारसांची संमती आणि हमीपत्र घेऊन, पैसे द्यायचे, आणि सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. काउंटरवर नाही म्हणाले तर लेखी उत्तर मागा.

रक्कम मोठी असेल, शेअर्स असतील किंवा वारसांत एकमत नसेल तर मात्र सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे मयताचे पैसे कोणी घ्यायचे याचं कोर्टाचं प्रमाणपत्र. हे फक्त पैसे, ठेवी, शेअर्स, लोकांकडून येणं असलेली रक्कम यासाठी, जमिनीसाठी नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३७२ खाली अर्ज करायचा, मयत व्यक्ती जिथे नेहमी राहत होती त्या भागातल्या कोर्टात. म्हणजे बाबा रिटायर होऊन गावी राहत होते तर अर्ज रत्नागिरीत, एफडी दादरच्या शाखेत असली तरी. सिंधुदुर्गवाल्यांचं जिल्हा न्यायालय ओरोसला, पण बरेचसे अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतात, ते वकील सांगतील. अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचं ठिकाण, सगळे नातेवाईक पत्त्यासकट, आणि खातं नंबरासह रकमेची यादी. एखादी पावती यादीत राहिली तर सर्टिफिकेट वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज, म्हणून आधी घरातलं कपाट, ट्रंक, देव्हाऱ्याचा खण सगळं उपसा, आम्हाला पोस्टाची एक पावती पंचांगाच्या आत सापडली. कोर्ट फी रकमेवर असते आणि अर्जासोबतच भरावी लागते. मग नोटिसा, बहुतेक वेळा पेपरात जाहीर नोटीस, कोणी आलं नाही की शपथपत्रावर पुरावा आणि आदेश. कधी कधी जामीनदारही मागतात. आमचं बिनविरोध असून सात महिने गेले, त्यातले तीन फक्त नालासोपाऱ्याच्या काकांच्या सहीची वाट बघण्यात. सगळे चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हाच सह्या, आधारच्या प्रती आणि नोटरी उरकून घ्या.

काही ठिकाणी वेगळा वारस दाखला मागतात, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली कोर्टच देतं. तलाठ्याचा वारस तपास आणि हा दाखला एक नव्हे.

आता प्रोबेट, ज्याच्यावरून पडवीत एवढी चर्चा झाली. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का, त्यामुळे मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेटचा प्रश्नच येत नाही. ते फक्त मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरला (मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था लावणाऱ्या माणसाला) मिळतं, कोणी नेमलेलं नसेल तर मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मिळकतीची व्यवस्था बघायचा कोर्टाचा अधिकार, मागतात. सक्ती होती ती मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला, त्याच १९२५ च्या कायद्याच्या कलम ५७ आणि २१३ मुळे. गावात केलेलं आणि गावच्याच जमिनीचं असेल तर कोकणात ती सक्ती कधीच नव्हती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च काढून टाकलं. तरीही भांडण असेल किंवा सोसायटी अडून बसली असेल तर प्रोबेट घेतलेलं बरं.

कोर्टात मृत्युपत्र सिद्ध करायला सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी निदान एक, जिवंत आणि येऊ शकणारा असेल तर, उभा करावा लागतो. माझ्या आत्याचं मृत्युपत्र मी हातात घेतलं तेव्हा ते भाताच्या खताच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं, घडीवर शाई फुटलेली, रजिस्टर केलेलं नव्हतं (कायद्याने सक्ती नाही, पण रजिस्टर असतं तर बरंच सोपं गेलं असतं), साक्षीदार एक शाळेतले गुरुजी, ते वारलेले, आणि दुसरे पोस्टमन, ते मुलाकडे चिपळूणला. त्यांचा पत्ता शोधायला एक महिना गेला. ते आले, सही बघितली आणि म्हणाले, "हो, ही माझीच, आत्याने चहा दिला होता तेव्हा." त्यांचा जबाब झाला तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. तुमच्या घरी मृत्युपत्र असेल तर साक्षीदारांचे आताचे पत्ते आणि मोबाईल नंबर आजच एका कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेवा. साक्षीदार शक्यतो वयाने लहान घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करूच नका.

किनाऱ्यावरच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. बोट बुडाली, खलाशी सापडलाच नाही, तर मृत्यू दाखला लगेच मिळत नाही. सात वर्षं ज्यांना त्याची खबर असायला हवी त्यांना काहीच कळलं नाही तर कायदा तो हयात नाही असं धरून चालतो (भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम १११), आणि मग कोर्टाकडून तसं जाहीर करून घेता येतं. म्हणून पोलिसांकडे बेपत्ता नोंद पहिल्याच दिवशी करा, बोटीवरच्या इतरांचे जबाब आणि पंचनाम्याच्या प्रती जपून ठेवा, सात वर्षांनी तेच कागद लागतात.

आदेश हातात आला की सर्टिफाइड कॉपी चार-पाच काढा. एक बँकेला, एक तलाठ्याला, एक सोसायटीला, आणि मूळ प्रत कोणालाही द्यायची नाही.