रजिस्टर मेमरीत दिसतं, पण मेमरीसारखं वागत नाही

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक. त्यात टायमर, पिना, सीरियल पोर्ट या सगळ्यांना हुकूम देण्याचे आणि त्यांची स्थिती वाचण्याचे छोटे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. या रजिस्टरांना मेमरीसारखेच पत्ते असतात. एसटीएम३२एफ१०३ या चिपमध्ये रॅम हेक्स (म्हणजे सोळाच्या पायातल्या; पुढचे पत्तेही तसेच) २००००००० पासून सुरू होते, पेरिफेरल, म्हणजे टायमर-पोर्टसारखे भाग, ४००००००० पासून. प्रोसेसरच्या लेखी दोन्हीकडे सूचना त्याच. आकडा कुठे न्यायचा ते पत्ता बघून बस, म्हणजे चिपमधल्या भागांना जोडणारी वाहिनी, ठरवते.

या चिपच्या ‘ब्लू पिल’ बोर्डावरचा एलईडी पोर्ट सीच्या १३ नंबरच्या पिनेवर असतो. आधी ४००२१०१८ वरचा बिट ४ चढवून (१ करून) पोर्टचा क्लॉक, म्हणजे त्याला चालवणारे ठोके, चालू करायचा. मग ४००११००४ वरचे बिट २० ते २३ पुसून त्या जागी २ भरायचे, की पिन आउटपुट होते. शेवटी ४००११०१० वर फक्त बिट २९ चढवलेला शब्द (३२ बिटांचा आकडा) लिहायचा. पिन शून्यावर येते आणि एलईडी लागतो, कारण त्याची दुसरी बाजू ३.३ व्होल्टला जोडलेली असते. क्लॉक विसरलात तर एरर वगैरे काही येत नाही. लिहिलेलं वाया जातं, वाचलं तर शून्य मिळतं.

सी भाषेत रजिस्टरचा पत्ता धरणाऱ्या पॉइंटरला ‘व्होलाटाइल’ (दर वेळी खरोखर वाच-लिही, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावायलाच हवं. नाहीतर फ्लॅगची, म्हणजे काही घडलं की बदलणाऱ्या बिटाची, वाट पाहणाऱ्या लूपमध्ये कंपायलर रजिस्टर एकदाच वाचतो आणि त्याच जुन्या किमतीवर फिरत बसतो. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आटोपशीर करणं) बंद असताना हे बहुधा लपून राहतं.

पण व्होलाटाइल म्हणजे अटॉमिक (मध्ये न तुटता एका दमात होणारं) नव्हे. आउटपुट रजिस्टरवर ‘ऑर’ करून (बाकीचे बिट तसेच ठेवून एक चढवून) लिहिणं म्हणजे वाचणं, बदलणं, परत लिहिणं. मध्येच इंटरप्टने (चालू काम थांबवून धावणाऱ्या कोडने) दुसरी पिन हलवली, तर तो बदल पुसला जातो. वर ४००११०१० वापरलं ते म्हणूनच. तिथे खालचे १६ बिट पिना चढवतात, वरचे १६ उतरवतात, शून्यांना अर्थ नाही. एका लेखनात काम होतं.

बाह्य इंटरप्टचं पेंडिंग रजिस्टर (कोणते इंटरप्ट आलेत ते दाखवणारं) तर उलटंच चालतं: बिट पुसायला त्यावर १ लिहायचा. इथे सवयीने ‘ऑर’ केलं, की वाचलेले सगळे १ परत लिहिले जातात आणि न हाताळलेले इंटरप्टही गायब होतात. थेट एकच बिट लिहा.

सीरियल पोर्टचं डेटा रजिस्टर वाचलं, की ‘बाइट आला’ हा फ्लॅग उतरतो. डीबगरच्या (प्रोग्राम थांबवून आत बघायच्या साधनाच्या) खिडकीत ते उघडं ठेवलं, तर प्रत्येक थांब्यावर डीबगरच ते वाचतो आणि प्रोग्राम येऊन गेलेल्या बाइटची वाट पाहत राहतो.