इनडोअर फुटबॉलची सहल: सीझन पास आम्ही का विकत नाही

नमस्कार मंडळी,

मार्च उजाडला की न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या फुटबॉल संघाच्या मॅचेससाठी आमचा फोन वाजायला लागतो. "ऑल्बनीच्या सगळ्या मॅचेसचा पास एकदमच काढून द्या ना, स्वस्त पडेल." स्वस्त पडतो, हे खरं आहे. तरीही न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघणाऱ्या आमच्या सहलींसाठी आम्ही एका वेळी एकाच मॅचचं बुकिंग घेतो. असं का, ते या पत्रकात सांगितलं आहे. पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी खेळाची थोडी ओळखही करून दिली आहे.

हा खेळ, म्हणजे अरेना फुटबॉल, टीव्हीवर दिसणाऱ्या अमेरिकन फुटबॉलचाच धाकटा भाऊ, फक्त छपराखाली वाढलेला. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी जिम फॉस्टर नावाचे गृहस्थ न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरची मॅच पाहत बसले होते. सॉकर आत खेळता येतो, मग फुटबॉल का नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि हातातल्या खाकी पाकिटावरच त्यांनी मैदान आखून पाहिलं. अशा हॉलमधलं आइस हॉकीचं रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असतं. फॉस्टर यांचं मैदान ५० यार्डांचं आणि दोन्ही टोकांना आठ-आठ यार्डांचे एंड झोन (चेंडू तिथे नेला की गुण). एक यार्ड म्हणजे तीन फूट. बेरीज करून पाहा, १९८ फूट होतात. रुंदी तर तंतोतंत ८५ फूटच. अंथरूण पाहून पाय पसरणं याला म्हणतात!

एका बाजूला ११ ऐवजी ८ खेळाडू असतात. सीमारेषेच्या जागी फोम लावलेली भिंत असते, त्यामुळे धावत आलेला गडी कधी भिंतीवर आदळतो, तर कधी सरळ पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या मांडीवर येऊन पडतो. गोलपोस्टच्या दोन्ही बाजूंना उंच जाळ्या ताणलेल्या असतात. तिथे आपटून परत आलेला चेंडू 'जिवंत' धरतात, तो कोणीही झेलून पळू शकतो. आम्हाला विचाराल तर सगळी गंमत या जाळ्यांत आहे. मात्र इंडोअर फुटबॉल लीग, म्हणजे आयएफएल, या वेगळ्या लीगच्या सामन्यात जाळ्या नसतात. तिकडे गेलात तर शोधू नका.

दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. चौथ्या डाउनला पंट, म्हणजे लाथ, मारून चेंडू लांब पाठवायची सोय अरेना फुटबॉलमध्ये नाही. एक तर पुढे जायचं, नाही तर चेंडू गोलपोस्टमधून मारून फील्ड गोल करायचा. म्हणून गुणांचा पाऊस पडतो. २००८ च्या अंतिम सामन्यात फिलाडेल्फिया सोल संघाने सॅन होजेला ५९-५६ असं हरवलं. सोलच्या मालकांमध्ये आपल्या न्यू जर्सीचे गायक जॉन बॉन जोव्ही होते. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना नियम समजावून सांगायची फारशी गरज पडत नाही. दर दोन-चार मिनिटांनी कोणीतरी टचडाउन करतंच, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेतंच, आणि तेही टाळ्या वाजवतात.

आता पासचं. २००८ ची ती फायनल झाली आणि त्याच डिसेंबरमध्ये अरेना फुटबॉल लीगने २००९ चा अख्खा हंगाम रद्द केला. पुढे दिवाळखोरी आली. २०१० मध्ये लीग परत उभी राहिली. २०१९ मध्ये ऑल्बनी एम्पायरने घरच्या मैदानावर फिलाडेल्फियाला ४५-२७ असं हरवून करंडक उचलला आणि त्याच वर्षी लीगला पुन्हा टाळं लागलं. ऑल्बनीकरांनी असं आधीही सोसलं होतं: १९९९ चा विजेता फायरबर्ड्स संघ २००१ मध्ये इंडियानापोलिसला निघून गेला. आपल्या ईस्ट रदरफोर्डचे ग्लॅडिएटर्सही २००३ मध्ये लास व्हेगासला गेले.

२०२४ चा हंगाम तर कहरच होता. अरेना फुटबॉल लीग १६ संघ घेऊन एप्रिलअखेर पुन्हा सुरू झाली आणि काही आठवड्यांतच संघ गळायला लागले. पैशांवरून आणि टीव्हीच्या करारावरून वाद पेटले. मे महिन्यात लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, गेले आणि एनएफएल या अमेरिकेतल्या मुख्य फुटबॉल लीगमधले जुने प्रशिक्षक जेफ फिशर यांनी हंगामी सूत्रं हाती घेतली. हंगामी, दोन्ही अर्थांनी! तरी जे टिकले त्यांनी हंगाम तडीस नेला. १९ जुलैला अंतिम सामन्यात बिलिंग्ज आउटलॉज संघाने ऑल्बनी फायरबर्ड्स या जुन्याच नावाच्या नव्या संघाला ४६-४१ असं हरवलं. हा सामना झाला कुठे, तर ईस्ट रदरफोर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमधल्या आइस रिंकवर. आपण जिथे खरेदीला जातो, तिथे!

असं का होतं? हॉलचं भाडं, खेळाडूंचा विमा आणि प्रवास हे खर्च टळत नाहीत. घरच्या मैदानावरच्या मॅचेस मात्र मोजक्याच, आणि टीव्हीचा पैसा जवळपास नाहीच. चार मॅचेसना खुर्च्या रिकाम्या राहिल्या की मालकाचे हात वर.

आम्हीही एकदा पोळलो आहोत. काही वर्षांपूर्वी एका संघाचे पास आम्ही आगाऊ घेऊन ग्राहकांना दिले होते. संघ मध्येच बंद पडला. तिकिटांचे पैसे आम्हाला परत मिळाले नाहीत, ग्राहकांना मात्र आम्ही पदरचे दिले. तेव्हापासूनचा शिरस्ता असा: नाव आधी नोंदवा, पैसे मॅचच्या आठवड्यात द्या, आणि मॅच रद्द झाली तर गाडीभाड्यासकट सगळी रक्कम परत. आयत्या वेळी तिकीट दोन-चार डॉलर महाग पडतं, ते आम्हाला मान्य आहे.

जागेविषयी. भिंतीलगतची पहिली रांग सगळ्यांना हवी असते, पण कडेवर मूल असेल तर तिथे बसू नका. पाच-सहा रांगा वर बसलं की जाळीवरून परतणारा चेंडूही नीट दिसतो. प्रेक्षकांत आलेला चेंडू ठेवून घ्यायची या खेळात पद्धतच आहे, तेव्हा मुलांना हात तयार ठेवायला सांगा. आवाज फार असतो. ज्येष्ठांसाठी कापूस किंवा इअरप्लग असू द्या. बाहेर जून-जुलैचा उकाडा असला तरी आत एसी कडक, म्हणून शाल विसरू नका.

ऑल्बनीला पोचायला वाटेतला चहा धरून सव्वातीन तास लागतात. आत बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा नेऊ देत नाहीत. पोळी-भाजीचे डबे गाडीतच संपवा आणि मोठ्या पिशव्या गाडीतच राहू द्या. निघायची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून कळवू.