‘तीन नंबर मिटवला’ म्हणजे नेमका कुठून? : ग्रिपरच्या ‘सेट’ची पार्श्वभूमी

‘तीन नंबर मिटवला,’ असं कोल्हापुरातल्या एखाद्या जिममध्ये कुणी सांगितलं, की शेजारचा लगेच विचारतो, ‘कार्ड घालून का?’ ऐकणाऱ्या नवख्याला वाटतं पैशाचा विषय निघाला. प्रत्यक्षात विषय असतो ग्रिपरचा, म्हणजे मुठीत दाबायच्या दोन दांड्यांच्या स्प्रिंगचा: त्यातला तीन नंबरचा जड ग्रिपर दांड्या एकमेकींना टेकेपर्यंत दाबला, असं सांगायचं असतं. ‘कार्ड’च्या या प्रश्नामागे वीसेक वर्षांचं भांडण आहे आणि ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

तालमींच्या काळाबद्दल इथे फार सांगायची गरज नाही. १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं त्याच्या कितीतरी आधीपासून हौद उकरणं, दोर चढणं, मल्लखांब, मुदगल यांतून मनगट आणि पंजा तयार होतच होता. पकडीसाठी वेगळा व्यायाम करावा लागतो, हे वस्तादांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी फावडं हातात दिलं असतं. धार काढणाऱ्या गवळ्याचा पंजा घट्ट का, हेही कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर लंडनमध्ये गाजलेल्या एका प्रशियन बलवानाने मुठीत आवळायचं स्प्रिंगवालं डंबेल बाजारात आणलं. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानचा दौराही करून गेला. वेटोळ्या स्प्रिंगचा, दोन दांड्यांचा ग्रिपर नंतर घरोघरी पोचला, पण तो टीव्ही बघत दाबायचा. एका दमात शंभर वेळा दाबता येतो त्याने दम वाढतो, ताकद नाही.

जड ग्रिपर हा प्रकार अमेरिकेतला. तिथे वजन उचलणाऱ्यांच्या एका मासिकातून असे ग्रिपर टपालाने विकले जायचे. पुढे एका कंपनीने दांड्या धातूच्या, खरखरीत केल्या आणि नंबर पाडले: एक नंबर १४० पौंड, दोन १९५, तीन २८०, चार ३६५. १९९१ पासून तीन नंबर मिटवणाऱ्याचं नाव यादीत छापायला सुरुवात झाली. चार नंबर मिटवणारा पहिला माणूस मिळायला १९९८ उजाडलं. आपल्याकडे आज ‘ग्रिपर’ म्हटल्यावर जो मान आहे, तो या यादीमुळे. मनगटी ताकदीला एक नाव आणि एक आकडा मिळाला.

फक्त, मिटवायचा कुठून, हे त्या वेळी कुणी नीट लिहून ठेवलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी शब्दाचं बघू. ‘सेट’ म्हटलं की आपल्या डोक्यात येतं ते ‘तीन सेट मार’. ग्रिपरवाल्यांचा सेट वेगळा. दुसऱ्या, मोकळ्या हाताने दांड्या थोड्या दाबून घ्यायच्या, एक दांडी अंगठ्याच्या गादीवर बसवायची, दुसरीवर करंगळीसकट चारही बोटं पोचवायची आणि मग मदतीचा हात काढून घ्यायचा. हात काढताना दांड्यांच्या टोकांमध्ये जे अंतर उरलं, ती सेटची रुंदी. त्यामुळे ‘पाच सेट डीप सेटने’ असं वाक्य जिममध्ये बिनदिक्कत बोललं जातं आणि एकाच वाक्यात एका शब्दाचे दोन अर्थ सुखाने नांदतात. आमच्याकडे काही जण यासाठी ‘बसवून घेणं’ म्हणतात. तो शब्द जास्त बरा आहे, पण चालणार नाही, कारण तो इंग्रजी नाही.

नुसता उचलला आणि दाबला तर ‘नो सेट’. टेबलावरून एकाच हाताने उचलून, दुसरा हात अजिबात न लावता मिटवला तर त्याहून कडक. दांड्या एकमेकींना समांतर होईपर्यंत दाबून सुरुवात केली तर ‘पॅरलल’. त्याहून आत गेलं की ‘डीप’. सुरुवातीच्या वर्षांत यादीत नाव लागायला पॅरलल आणि त्याच्याही आतले सेट चालून गेले. मग दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीने नियम बदलला: सुरुवातीला दांड्यांच्या टोकांमधून क्रेडिट कार्ड आडवं सरकलं पाहिजे. जगातल्या सगळ्या बँकांच्या कार्डांची रुंदी ५३.९८ मिलिमीटर, म्हणजे मोजपट्टी प्रत्येकाच्या खिशातच. युक्ती म्हणून ही फारच हुशार होती.

निर्णय म्हणून मात्र वादाचा ठरला, आणि त्याला कारणं होती. स्प्रिंग जितकी वळते तितकी उलटा जोर करते, त्यामुळे शेवटचे मिलिमीटर सगळ्यात जड. बोटांचे स्नायू मात्र मूठ पाच-सहा सेंटिमीटर उघडी असताना सगळ्यात जोरकस असतात आणि मूठ मिटत आली की आखूड होऊन ढिले पडतात. म्हणजे खरी लढाई शेवटीच, सुरुवात कुठूनही करा. मग कार्डाने फरक काय पडतो? पडतो तो पंज्याच्या आकाराने. लांब बोटांचा माणूस ५४ मिलिमीटरवर सहज दोन पेरं अडकवतो. आखूड बोटांच्या माणसाची करंगळी तिथे जेमतेम टोकाने टेकते आणि पहिल्या दोन सेंटिमीटरमध्येच पकड घसरते. मोठ्या पंज्याला नियम कळतही नाही, लहान पंज्याला तोच नियम अर्धा नंबर मागे ओढतो.

डॉक्टरांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. पकड मोजायच्या यंत्राला १९५४ मध्येच सरकतं हँडल आलं, पाच वेगवेगळ्या रुंदीच्या खाचांसह, आणि निकाल देताना खाच कुठली हे लिहायची पद्धत पडली. ग्रिपरवाल्यांनी एकच खाच ‘खरी’ ठरवायचा हट्ट धरला. शिवाय डीप सेटवर आधी लागलेली नावं यादीत तशीच राहिली. हे मला आजही खटकतं. नियम कडक करायचा होता तर जुन्या नावांपुढे एक खूण करायला कुणी अडवलं नव्हतं.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी २० मिलिमीटरचा ठोकळा घेतला: सेट करा, पण आधी पंचाला ठोकळा दांड्यांमधून जाताना दिसू दे. साधारण पॅरललच्या आसपासची ही रुंदी, फक्त ग्रिपरगणिक बदलत नाही. उद्यमनगरात लेथवर नायलॉनच्या सळईचा असा तुकडा कापून मिळतो, कार्डापेक्षा स्वस्त आणि व्याज नाही.

तालमीतून आलेली पोरं सहसा कार्डाच्या बाजूने असतात. समोरच्याचं मनगट तुमच्या हातात कुणी बसवून देत नाही, झेप घालूनच धरावं लागतं, हा त्यांचा मुद्दा. बरोबर आहे, पण अर्धाच. मनगट धरलं की मूठ तिथेच थांबते, पूर्ण मिटत नाही. शेवटचे २० मिलिमीटर लागतात ते जांघियाची कड मुठीत आवळताना. म्हणजे कुस्तीला दोन्ही रुंदी लागतात आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्धा हत्ती चाचपत बसलेत.

सरावात हा वाद तसा राहिलेलाच नाही. जाणकार दोन्ही करतात. पेलणारा ग्रिपर कार्ड किंवा नो सेटवरून, एकेक-दोनदोनदा; आणि न मिटणारा, एक पायरी जड, डीप सेटवरून, म्हणजे शेवटच्या टप्प्याची ताकद येते. काही जण दांड्यांभोवती पाइपला लावायची होज क्लिप आवळतात, म्हणजे स्प्रिंग ठरलेल्या रुंदीपलीकडे उघडतच नाही आणि दुसऱ्या हाताची गरज संपते. मिटलेला ग्रिपर पकडून धरणं, दोन हातांनी मिटवून एका हाताने सावकाश सोडणं, हे चार नंबरवाल्यांच्या काळापासूनचं. आठवड्यात दोन-तीन दिवस पुरे. रोज दाबणाऱ्यांची कोपरं काही महिन्यांत बोलायला लागतात. बोटं उघडायच्या स्नायूंसाठी रबरबँड ताणावा असं सगळे सांगतात, करतात थोडे.

रुंदीचा घोळ निस्तरतो तोवर आकड्यांचा उभा राहतो. दांडीच्या टोकाला वजन टांगून ग्रिपर मिटेपर्यंत मोजलं, तर २८० पौंडांचा तीन नंबर साधारण दीडशे पौंडांच्या आसपास भरतो. एकाच नंबरचे दोन ग्रिपरही सारखे निघत नाहीत. ऑनलाइन मिळणाऱ्या, खिट्टी फिरवून साठ किलोपर्यंत जाणाऱ्या प्लास्टिकच्या ग्रिपरचे किलो तर वेगळ्याच गावचे. म्हणून बाहेर आता नोंद करताना टांगून मोजलेलं वजन आणि सेट दोन्ही लिहितात: इतके पौंड, २० मिलिमीटर. आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजून ‘तीन नंबर 🔥’ एवढंच येतं, आणि खाली तोच प्रश्न: कार्ड?