'न्याय' या शब्दावरचा वाद: पार्श्वभूमी

व्याख्या मांडायची आणि अडचणीचे उदाहरण देऊन ती पाडायची, ही ग्रीक संवादांची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. 'न्याय' या शब्दाला सर्वांसाठी एकच अर्थ आहे का, हा आजचा वाद मात्र 1930च्या दशकात पेटला. पडताळा घेता न येणारे विधान अर्थहीन, असे तार्किक प्रत्यक्षार्थवादी म्हणवणाऱ्या तत्त्वज्ञांनी ठरवले आणि 'हा अन्याय आहे' हे वाक्य निव्वळ नापसंतीचा उद्गार ठरले. 1950च्या दशकात एका डॅनिश विधिज्ञाने तर न्यायाची दुहाई म्हणजे टेबलावर मूठ आपटणे, असे लिहिले. पण मूठ आपटणाऱ्याला कोणी कारणे विचारत नाही. न्याय मागणाऱ्याला ती द्यावीच लागतात.

खरा गुंता पुढे आहे. 12 पोती धान्य दोघांत वाटायचे आहे. 'क' दुप्पट राबला. 'ख'च्या घरी खाणारी तोंडे दुप्पट. कामाप्रमाणे 'क'ला 8, गरजेप्रमाणे 4. निकष म्हणजेच अर्थ मानला, तर दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत आणि भांडण उरतच नाही. ते तर डोळ्यांदेखत चालू आहे!

1956च्या एका निबंधाने यावर 'मूलतः विवाद्य संकल्पना' ही तोड सुचवली: काही शब्दांच्या योग्य वापराविषयीचा वाद हाच त्यांच्या वापराचा भाग असतो. त्यासाठीच्या 7 अटींपैकी शब्द मूल्यवाचक हवा, आतून गुंतागुंतीचा हवा, या सहज निभावतात. अडते ते सर्व पक्षांनी मानलेल्या मूळ नमुन्यापाशी, म्हणजे 'हेच त्याचे अस्सल उदाहरण' असे सगळे म्हणतील त्यापाशी. धर्मपंथाला असा नमुना असू शकतो. सामाजिक न्याय त्या निबंधाच्या उदाहरणांत आहे खरा, पण त्याचा सर्वमान्य नमुना कोणता? तो नसेल तर दोघांचा विषय एकच कशावरून?

1971 साली गाजलेली मांडणी नमुना मागत नाही, म्हणून ती अधिक टिकली. संकल्पना एकच: मूलभूत हक्क आणि कर्तव्ये वाटताना मनमानी भेद नको, परस्परविरोधी दाव्यांत योग्य समतोल हवा. 'मनमानी' काय आणि 'योग्य' काय, हे ज्याची त्याची धारणा ठरवते. 'क'ला कष्ट डावलणे मनमानी वाटते, 'ख'ला भूक डावलणे. हा सामाईक गाभा फारच पातळ आहे, ही तक्रार रास्तच.

2007 साली आलेल्या एका पुस्तकानंतर प्रश्नाची दिशाच पालटली: अनुभवाला शब्द नसणे हाच अन्याय असू शकतो. 'लैंगिक छळ' ही संज्ञा अमेरिकेत 1970च्या दशकाच्या मध्यास रूढ होऊ लागली. त्याआधी नोकरी सोडणाऱ्या स्त्रीला कारणाच्या रकान्यात काय लिहावे, हेच सुचत नसे. यावरचा आक्षेपही वजनदार आहे: नाव नव्हते ते कचेरीच्या कागदांत, सोसणाऱ्या आपापसांत त्याविषयी बोलतच होत्या.