लिबेटच्या प्रयोगाने इच्छास्वातंत्र्य निकालात निघाले का?

‘निर्णय मेंदू आधीच घेतो, आपल्याला तो मागाहून कळतो, म्हणजे सगळे ठरलेलेच.’ हे विधान अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३च्या प्रयोगाचा हवाला देऊन वर्षानुवर्षे फिरते आहे. त्या प्रयोगातून एवढे निघत नाही.

प्रयोग असा: डोक्यावर इलेक्ट्रोड, समोर २.५६ सेकंदांत एक फेरी मारणारा ठिपका. वाटेल तेव्हा मनगट हलवायचे आणि इच्छा झाली त्या क्षणी ठिपका कुठे होता ते सांगायचे. मेंदूतला विद्युत्-चढ हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी दिसला, इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी.

गोम आहे ती मोजणीत. एका वेळचा संकेत गोंगाटात बुडतो, म्हणून सुमारे ४० हालचालींची सरासरी काढतात, तीही हालचालीच्या क्षणापासून मागे मोजत. मेंदूत चढउतार सतत चालूच असतात. त्यांतला एखादा चढ उंबरठा ओलांडतो तेव्हा हात हलतो. असेच क्षण निवडून सरासरी काढली की मागे संथ चढ दिसणारच! मेंदूसंशोधक आरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये हे गणिती प्रारूपाने दाखवले. तो चढ म्हणजे आधीच झालेला निर्णय, असे मग म्हणता येत नाही.

२००८च्या एमआरआय प्रयोगाचाही दाखला देतात. माणूस डावे बटण दाबणार की उजवे, हे मेंदूच्या चित्रांवरून काही सेकंद आधी ओळखता आले खरे, पण अचूकता सुमारे ६० टक्के. नाणे उडवले तरी ५० मिळतात.

खुद्द लिबेट यांचे मत तर उलट होते: जाणीव झाल्यावरही हालचाल रोखता येते.