वणव्याची काडी: बोरी ते पाचगाव

मार्चपर्यंत सातपुड्यातल्या सागाची पानं गळून जमिनीवर पाचोळ्याचा जाड थर साचतो. आपल्याकडचा वणवा बहुतेकदा या पाचोळ्यातूनच, जमिनीलगत सरकतो. चढावर मात्र तो धावतो, कारण खालच्या ज्वाळांनी वरचा पाला आधीच तापलेला असतो. जाड सालीचा मोठा साग तगतो. मरतात ती रोपटी आणि जमिनीवरची अंडी.

काडी बहुतेक वेळा माणसाचीच. पाचोळा जाळला की मोहाची फुलं वेचायला सोपी जातात आणि तेंदूला (विड्या वळायला वापरतात ते झाड) कोवळी पानं फुटतात. जाळणाऱ्याला जंगल संपवायचं नसतं, हंगाम साधायचा असतो.

सरकारी नजरेत हा गुन्हा ठरला तो रेल्वेच्या काळात. रुळांखालच्या लाकडी स्लीपरसाठी साग आणि सालवृक्ष हवे होते. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं, डिट्रिच ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक. त्याच दशकात बोरीच्या जंगलात (आजचा मध्य प्रदेशातला नर्मदापुरम जिल्हा) पिअर्सन या अधिकाऱ्याने वणवाबंदी यशस्वी करून दाखवली: जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून पाला काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढायच्या, राखणदार नेमायचे, आत आग पेटवायला मनाई. हाच नमुना पुढे इतरत्र गेला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ राखीव जंगलात आग लावणाऱ्याला आजही गुन्हेगार ठरवतं.

गंमत अशी, की बंगाल-आसामच्या ओलसर सालवनांत आग थांबली तशी सालाची नवी रोपंही येईनात. खाली सदाहरित झुडपं माजली. शेवटी तिथल्या वनाधिकाऱ्यांनी स्वतःच ठरवून जाळायला सुरुवात केली! गावकऱ्याची काडी गुन्हा, साहेबाची काडी शास्त्र.

कुमाऊँत (आजचं उत्तराखंड) गोष्ट आणखी पेटली. जंगलं राखीव झाल्याने चराई आणि सरपणावर बंधनं आली होती. १९२१ च्या उन्हाळ्यात चीड या पाइन वृक्षाची जंगलं ठिकठिकाणी जाळली गेली, त्यातल्या कित्येक आगी उघड निषेधाच्या होत्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे, म्हणजे गावानेच आपलं जंगल सांभाळण्याचे, नियम आले.

आता उपग्रह आग टिपतो. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था तशा सूचना पाठवते. पण विझवायला वनरक्षकालाच जावं लागतं, पाचोळा उडवणारा ब्लोअर किंवा नुसती हिरवी डहाळी घेऊन.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा हक्क, मिळाला. तेंदूच्या पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, म्हणून ग्रामसभेने हमखास पैसा देणारी ती तोडणीच सोडली आणि बांबूवर भर दिला.